पान चार, तळटीप सहा

वकिलांना जागं ठेवणं हा काही फार अवघड प्रश्न नाही, असं मी आत्याला सांगितलं, तेव्हा मला पदवी मिळून अडीच महिने झाले होते. पदवी भौतिकशास्त्राची, पहिल्या वर्गातली. त्यामुळे जगात अवघड प्रश्न फारसे उरलेच नव्हते!

आत्या दिवाणी वकील आहे. तीस वर्षं भिंती, बांध, जिने आणि गच्च्या यांच्यावरून भांडणाऱ्या लोकांची बाजू ती शांतपणे मांडत आली आहे. शांतपणे हा शब्द मी मोजून वापरते आहे. आत्याचा आवाज गार पाण्यासारखा सावकाश वाहतो आणि ऐकणाऱ्याच्या पापण्यांवर जाऊन बसतो. कॉलेजच्या वर्षांपासून मी तिच्याकडेच राहते, आता पुढच्या संशोधनाच्या जागेची वाट बघत. तिचं टंकलेखन, तिचे ई-मेल आणि घरातलं कपडे धुण्याचं मशीन ही तीन खाती माझ्याकडे आहेत.

तर, वकिलांनाही अधूनमधून शाळेत बसावं लागतं. नवे नियम येतात, नवे निवाडे येतात, म्हणून वकील संघ दरवर्षी सक्तीची व्याख्यानं ठेवतो. त्यातलं ‘दिवाणी दाव्यांतील अलीकडच्या घडामोडी’ हे व्याख्यान आत्याचं. वर्षातून एकदा, दोन तास. त्या दोन तासांसाठी ती वर्षभर दर रविवारी सकाळी नवे निवाडे वाचते आणि त्यांना रंगीत पट्ट्या चिकटवते. पिवळी म्हणजे महत्त्वाचं, हिरवी म्हणजे गमतीचं. हिरव्या पट्टीचा निवाडा सापडला की ती घरभर हिंडून ऐकवणारा माणूस शोधते, आणि घरात मी एकटीच असते. एकदा मी आंघोळीला गेले होते, तर दाराबाहेर उभी राहून तिने सामाईक जिन्याचा अख्खा निकाल वाचून दाखवला.

गेल्या वर्षी मी तिच्या व्याख्यानाला शेवटच्या रांगेत बसले होते. साठ श्रोते. चाळिसाव्या मिनिटाला एकतीस जणांचे डोळे मिटलेले. एक जण दाराशी उभा होता, पण त्याच्याबद्दल खात्री देता येईना म्हणून मी त्याला मोजलं नाही. शेवटी श्रोते गुण देतात, पाचपैकी. आत्याला मिळाले दोन पूर्णांक तीन. अभिप्रायाच्या जागी एकाने लिहिलं होतं, ‘खुर्च्या फार आरामशीर होत्या.’ आत्याने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. तो अजून तिथेच आहे.

यंदा प्रशिक्षण समितीच्या अध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं. या अध्यक्षांना सगळे घंटासाहेब म्हणतात, कारण व्याख्याता वेळेपुढे गेला की ते टेबलावरची पितळी घंटा वाजवतात. त्यांनी फार आदराने सांगितलं की, या खेपेला तीनपेक्षा कमी गुण पडले, तर पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या कुणाचं तरी चित्रित केलेलं व्याख्यान पडद्यावर लावण्याचा समितीचा विचार आहे. आत्याने घरी येऊन मला हे सांगितलं, आणि मग म्हणाली, “बरंच आहे. रविवारी जरा झोपता येईल.” हे वाक्य बोलताना तिचा हात पिवळ्या पट्ट्यांच्या डबीवर होता.

मग मी म्हटलं, हे काम माझं!

यंदाची मुख्य घडामोड म्हणजे एक नवा नियम होता. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या वादात दावा लावण्याआधीची नोटीस आता ई-मेलने देता येते. ई-मेल पोहोचला, त्या क्षणी नोटीस बजावली गेली. तुम्ही तो उघडला की नाही, याच्याशी नियमाला काही देणंघेणं नाही. तिथून बहात्तर तासांत उत्तर दिलं नाही, तर नोटिशीतला मजकूर तुम्हाला मान्य आहे असं धरतात. आत्याने मला नोटिशीचा एक नमुना तयार करून श्रोत्यांना आधी पाठवायला सांगितलं. म्हणजे वाचून येतील.

मी विचार केला, नमुना कोण वाचतं? ‘अ’ने ‘ब’ला लिहिलेलं पत्र वाचून कुणाची झोप उडेल? माणसाचं लक्ष वेधायचं, तर कागदावर त्याचं स्वतःचं नाव हवं. तेव्हा मी संगणकाला सांगून बासष्ट श्रोत्यांसाठी बासष्ट नोटिसा काढल्या, प्रत्येकीवर ज्याचं त्याचं नाव. आशय असा: ‘आमचे अशील आपल्या खालच्या मजल्यावर राहतात. आपले कपडे धुण्याचे मशीन पिळण्याच्या वेळी इतके हादरते की आमच्या अशिलाच्या घराचे छत थरथरते. हे बहात्तर तासांत थांबवावे.’

आता नुसतं ‘थरथरते’ लिहिणं माझ्यासारखीला शक्य नव्हतं. किती थरथरते? मी फोनमधलं कंपन मोजायचं साधन लावून आमच्याच मशीनवर तीन वेळा प्रयोग केला. सेकंदाला अठरा हेलकावे. एका धुण्यात मशीन भिंतीपासून अकरा सेंटिमीटर चालत येतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी कपडे सकाळी साडेसहाला लावते. ही सगळी आकडेवारी मी तक्ता करून नोटिशीत घातली. आकडे कुठून आणले हे सांगणं शास्त्रात बंधनकारक असतं, म्हणून तळटीप पाचमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं की मोजमाप लेखिकेच्या राहत्या घरी, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराशेजारच्या मोरीत घेतले आहे.

आणि हे सगळं सरावासाठी आहे, खरं नाही, हेही मी लिहिलं होतं. लिहिलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. शास्त्रीय निबंधात मर्यादा शेवटी सांगतात. मीही शेवटी सांगितलं. पान चार, तळटीप सहा.

बुधवारी सकाळी अकरा वाजता आत्याच्या कार्यालयाच्या पत्त्यावरून बासष्ट ई-मेल गेले, उघडल्याची पोच मागून. व्याख्यान शनिवारी सकाळी अकराला. बहात्तर तास बरोबर व्याख्यानाच्या पहिल्या मिनिटाला संपत होते. या हिशेबावर मी इतकी खूश होते की स्वतःच्या पाठीवर हात पोहोचत नाही, याचं मला वाईट वाटलं.

वीस मिनिटांत पहिलं उत्तर आलं. दुपारपर्यंत नऊ. आत्या दिवसभर कोर्टात असायची. मी तिला फोनवर कळवलं की श्रोते सरावात मनापासून भाग घेताहेत. ती म्हणाली, “खरंच?” त्या एका शब्दात इतका आनंद होता की मी उत्तरं उघडून बघायच्या भानगडीतच पडले नाही. फक्त नोटिशीत ई-मेलचे आत्याचे आणि माझे असे दोन पत्ते दिलेले असल्यामुळे माझी पेटी भरून वाहायला लागली, म्हणून मी एक सोय केली. ज्या ज्या पत्रात ‘मशीन’ हा शब्द असेल, ते आपोआप एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडावं. स्वच्छ काम!

शुक्रवारी दुपारी मी तो कप्पा सहज उघडला. सगळ्यात वर घंटासाहेबांचं उत्तर होतं, चौदा पानांचं. सोबत एका मेकॅनिकचं प्रमाणपत्र. त्या मेकॅनिकने घंटासाहेबांच्या घरी जाऊन, मशीनवर गवंड्याची पाणसळ ठेवून, तिचा फोटो काढून, ‘मशीन समतल आहे’ असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.

सरावासाठी कुणी मेकॅनिक बोलावत नाही.

मी पुढची उत्तरं उघडली. एका वकिलांनी लिहिलं होतं, आमच्याकडे मशीनच नाही. असलेच तर ते हादरत नाही. हादरत असलेच तर त्यास आपल्या अशिलाची दोन वर्षे मूक संमती आहे. दुसरे तळमजल्यावर राहत होते. त्यांच्या खाली फक्त पाया होता आणि पायाने आजवर तक्रार केली नव्हती. तरीही त्यांनी परिच्छेद एक ते अठरा एकेक करून नाकारले होते. एका वकील जोडप्याची दोन वेगळी उत्तरं होती. नवऱ्याने लिहिलं होतं, मशीन पत्नीच्या ताब्यात आहे. पत्नीने लिहिलं होतं, मशीन पतीने आणले, ते आणताना मला विचारले नाही, आणि या निमित्ताने इतरही काही बाबी नोंदवून ठेवते. त्या बाबी तीन पानं होत्या.

एकानेही फोन करून “हे काय आहे?” असं विचारलं नव्हतं. तुम्हा-आम्हाला असं पत्र आलं, तर आपण आधी खाली जाऊन शेजाऱ्याची बेल वाजवू. वकील परिच्छेदवार उत्तर देतो.

संध्याकाळी आत्या आली. मी तिला दारातच सगळं सांगितलं. तिने चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, आणि खुर्चीत बसली. तीस वर्षांत तिच्या कार्यालयातून एकही चुकीची नोटीस गेली नव्हती. आता एकदम बासष्ट गेल्या होत्या, त्याही तिच्या व्यवसायबंधूंना, त्याही गुण देणाऱ्यांना! मी रडवेली होऊन म्हटलं की मी आत्ताच सगळ्यांना माफीचं पत्र पाठवते. तिने मान हलवली.

“आधी सगळी उत्तरं छाप. कुणाची कशाबद्दल माफी मागायची, ते तरी कळू दे.”

मी छापली. ती वाचत बसली. मी समोर बसून तिच्या चेहऱ्यावरून काही निष्कर्ष निघतो का ते बघत होते, पण आत्याचा चेहरा कोर्टात घडलेला आहे. विसाव्या उत्तरानंतर ती उठली. मला वाटलं, आता बोलणार. तिने कपाटातून पट्ट्यांची डबी काढली आणि परत बसली. जेवायच्या वेळेपर्यंत तो गठ्ठा हिरवागार झाला होता. मग तिने एवढंच सांगितलं की उद्या मी शेवटच्या रांगेत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

शनिवारी पावणेअकरालाच सभागृह भरलं होतं. गेल्या वर्षी लोक साडेअकरापर्यंत येत होते! प्रत्येकाच्या हातात कागद. कुजबुज अशी की मधमाश्यांच्या पोळ्यावर कुणीतरी दगड मारून पळून गेलंय, आणि तो दगड मारणारी शेवटच्या रांगेत अंग चोरून बसली आहे. माझ्या शेजारी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका येऊन बसले. तेही वकील आहेत, अगदी अबोल. जिन्यात भेटले की हसतात आणि बाजूला होतात. त्यांच्या हातातही नोटीस होती, पण त्यांचं उत्तर कप्प्यात पाहिल्याचं मला आठवेना.

आत्या उभी राहिली. घंटासाहेब तिच्या आधी उभे राहिले आणि म्हणाले की व्याख्यानाला सुरुवात होण्याआधी एका गंभीर प्रकाराचा खुलासा व्हायला हवा. टाळ्या पडल्या. आत्याच्या व्याख्यानात टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

“खुलासा करतेच,” आत्या म्हणाली, त्याच गार, सावकाश आवाजात. “बुधवारची नोटीस माझ्या कार्यालयातून गेली. तिने तुम्हाला त्रास झाला. चूक माझी आहे आणि मी माफी मागते.”

मी उठायला लागले. काकांनी माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवला आणि मी बसले.

“आता एकच विचारते. त्रेचाळीस जणांनी मला उत्तर दिलं. त्रेचाळीसही उत्तरांचं पहिलं वाक्य एकच आहे. ‘आपली नोटीस काळजीपूर्वक वाचली.’ हे ज्यांनी लिहिलं, त्यांनी हात वर करावेत.”

हात वर झाले. अभिमानाने झाले.

“असेच राहू द्या. पान चार काढा. तळटीप सहा.”

कागदांची सळसळ झाली. मग ती थांबली. मग एकेक हात खाली यायला लागला, जत्थ्याने नाही, एकेक, जसजसं वाचून होत होतं तसतसा. तळमजल्यावरच्या वकिलांचं सगळ्यात शेवटी वाचून झालं, कारण त्यांना चष्मा काढावा लागला. तेच पहिले हसले. मग ते जोडपं एकमेकांकडे न बघता हसलं. आणि मग सबंध सभागृह असं हसलं की खिडकीच्या काचा हलल्या. किती हलल्या हे मला मोजता आलं असतं, पण त्या दिवशी मी फोनला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं.

“उरले एकोणीस,” आत्या पुढे म्हणाली. “त्यांतल्या अठरा जणांनी ई-मेल उघडलेलाच नाही. नवा नियम सांगतो, उघडलात की नाही याला महत्त्व नाही. ही नोटीस खरी असती, तर आज सकाळी अकरा वाजल्यापासून त्या अठरा जणांची मशीनं कायद्याने हादरायला लागली असती.”

अठरा जणांनी खिशातून फोन काढले. एकजण तर उभा राहून शोधायला लागला.

मग आत्याने उत्तरं हातात घेतली. कुणाचंही नाव न घेता ती एकेक हिरवी पट्टी उलगडत गेली. मशीन नाही आणि ते हादरतही नाही, असं एकाच वेळी कधी म्हणता येतं आणि कधी म्हणू नये. पायाने तक्रार केली नाही हा बचाव होतो का. तोच आवाज, तीच गती. पण आता प्रत्येकजण जीव मुठीत धरून ऐकत होता, कारण पुढची पट्टी आपली असू शकली असती! घंटासाहेब मान खाली घालून बसले होते. त्यांच्या चौदा पानांपाशी आल्यावर आत्या थांबली. मी डोळे मिटून घेतले.

“हे सगळ्यात चांगलं उत्तर,” ती म्हणाली. “त्रेचाळिसांत हे एकच असं आहे की ज्याने नुसतं नाकारलं नाही, तर पुरावा जोडला. खरा वाद असता तर हे जिंकले असते.”

घंटासाहेबांनी मान वर केली. त्या दिवशी व्याख्यान पंचवीस मिनिटं वेळेपुढे गेलं आणि घंटा वाजली नाही.

शेवटी कुणीतरी विचारलं, एकोणिसावा कोण? माझ्या शेजारचे काका संकोचाने उभे राहिले. ते म्हणाले की त्यांनी ई-मेल बुधवारीच उघडला होता आणि तळटीप सहाही वाचली होती, म्हणून उत्तर दिलं नाही. सभागृहाने त्यांना टाळ्या दिल्या. बसता बसता ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “पाचवीही वाचली, बरं का.”

मी हसून मान डोलावली. इतक्या बारकाईने वाचणारा एक तरी वाचक मिळाला, याचा मला आनंद झाला होता. भौतिकशास्त्रात पहिला वर्ग मिळवता येतो, त्याचा अर्थ सगळंच लगेच कळतं असा होत नाही.

सोमवारी गुण आले. चार पूर्णांक चार. आत्याने तो कागद तीनदा वाचला. अभिप्रायाच्या जागी एकाने लिहिलं होतं, ‘खुर्च्या फार टणक आहेत, बदलाव्यात.’ खुर्च्या त्याच होत्या. आत्याने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, जुन्याच्या शेजारी, आणि पुढच्या वर्षीच्या तयारीसाठी नव्या पट्ट्या आणायला स्वतः बाजारात गेली. मी मनात म्हटलं, प्रयोग यशस्वी. वाटेत थोडी गडबड झाली, पण निष्कर्ष पक्का!

त्यानंतरच्या शनिवारी मी आवराआवर करायला घेतली. उत्तरांचा तो वेगळा कप्पा आता नको होता. पुसण्याआधी एकदा नजर टाकावी म्हणून उघडला, तर त्रेचाळीस उत्तरांच्या वर एक चव्वेचाळिसावं पत्र. न वाचलेलं.

प्रेषक, खालच्या मजल्यावरचे काका. प्रति, मी. विषय, कपडे धुण्याचे मशीन.

एकच पान होतं. तळटीप एकही नव्हती. काकांनी लिहिलं होतं की गेली दोन वर्षं रोज सकाळी साडेसहाला त्यांच्या पलंगावरचं छत थरथरतं, पण हा आपल्या वयाचा भास असेल असं समजून ते गप्प होते. आता ते सेकंदाला अठरा वेळा थरथरतं हे पुराव्यानिशी कळलं, याबद्दल ते मनापासून आभारी होते. मशीनच्या पायांखाली रबर बसवावं आणि कपडे आठनंतर लावावेत, एवढीच त्यांची मागणी होती. सोबत परिशिष्ट एक: ‘प्रतिवादीने स्वतः तीन वेळा मोजून, तक्ता करून दिलेली आकडेवारी.’

मी कागद छापून आत्याकडे धावले आणि विचारलं की ती माझ्या बाजूने उभी राहील ना. तिने पान वाचलं. तिच्या डोळ्यांत ती हिरव्या पट्टीची चमक आली.

“पोहोचलं कधी?”

“मंगळवारी. सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी.”

“आज वार काय?”

“शनिवार. पण आत्या, मी उघडलंच नव्हतं. ते आपोआप त्या कप्प्यात गेलं.”

“तो कप्पा कुणी केला?”

“मीच.”

“मग सगळं मान्य आहे तुला,” आत्या म्हणाली, आणि डबी उघडून तिने काकांच्या नोटिशीला पट्टी लावली. हिरवी नव्हे, पिवळी. नव्या नियमाखाली तिच्या पाहण्यातलं हे पहिलंच खरं प्रकरण होतं आणि पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाची सुरुवात तिला मिळाली होती.

दुपारी मी मोरीत गुडघ्यांवर बसून मशीनच्या चारही पायांखाली रबर सरकवलं. मग काकांना पत्र लिहायला बसले. मुदत गेली होती, पण निदान माफी तरी नीट मागावी. सुरुवात मला सहज सुचली. ‘आपली नोटीस काळजीपूर्वक वाचली.’

मागे उभ्या असलेल्या आत्याने हात पुढे केला आणि ते एवढं वाक्य खोडलं.